तालमीला जागा आहे का?

मुंबईत नवं नाटक बसवायचं ठरलं की पहिला फोन तालमीच्या जागेसाठी जातो. संहिता हातात असते, नट मिळतात, दिग्दर्शकाच्या डोक्यात सगळं तयार असतं. पण नोकऱ्या सांभाळून येणारी दहा-बारा माणसं महिना-दीड महिना संध्याकाळी सात ते दहा कुठे जमणार, यावर ते नाटक होणार की नाही हे ठरतं. मग ओळखीपाळखी काढल्या जातात. कुणाची मावशी शाळेत शिक्षिका असते, कुणाच्या सासऱ्यांचा जिमखान्यात वट असतो, एखाद्या देवळाचे विश्वस्त नाटकवेडे निघतात. अशा खटपटीतून एक खोली मिळते, आणि ती मिळाल्यावरच वाचनाचा मुहूर्त ठरतो.

शहराच्या कलाजीवनाबद्दल लिहिताना आपण लेखक-दिग्दर्शकांची नावं घेतो, गाजलेल्या प्रयोगांच्या आठवणी काढतो. या खोल्यांबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं असं आहे की गेल्या शंभर वर्षांत मुंबईत जे जे नवं उभं राहिलं, त्यातलं बहुतेक सगळं स्वस्तात किंवा फुकट मिळालेल्या खोलीत उभं राहिलं. आज या शहराला टॅलेंटची वानवा नाही, प्रेक्षकांचीही नाही. संपत चालल्या आहेत त्या खोल्या.

वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटचं उदाहरण घ्या. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस आणि साठीच्या दशकात समुद्राकाठच्या त्या वास्तूत एका छपराखाली चित्रकार, वादक आणि नाटकवाले काम करत होते. हुसेन आणि गायतोंडे तिथे चित्रं काढत, रविशंकरांच्या शिष्यांची तालीम चाले, इब्राहिम अल्काझींचं थिएटर युनिट नाटकं बसवी. भाडं नाममात्र. चित्रकाराने नाटकाची तालीम बघावी, नटाने सतार ऐकत बसावं, हे तिथे कुणाला ठरवून करावं लागत नसे. जवळच कंबाला हिलवर अल्काझी राहात त्या इमारतीची गच्ची होती. तिथे सत्यदेव दुबेंनी 1962 मध्ये धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’ केलं. महाभारताच्या युद्धानंतरची राख दाखवायला दुबेंना रंगमंदिर लागलं नाही, गच्ची पुरली. पुढे भुलाभाईची वास्तू पाडली गेली आणि तिथे उंच इमारत आली. दुबे आपला संसार घेऊन तारदेवच्या वालचंद टेरेसमध्ये गेले, आणि तिथल्या खोलीनेही नटांची एक पिढी घडवली.

मराठी नाटकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी खोली अर्थात छबिलदासची. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे यांच्या ‘रंगायन’ने 1960 पासून प्रायोगिक नाटकाला वळण दिलं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे 1967 मधलं नाटक त्याच संस्थेचं. पुढे अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी 1971 मध्ये ‘आविष्कार’ काढली. संस्था झाली, पण प्रयोग करायचे कुठे? मोठ्या नाट्यगृहांचं भाडं परवडणारं नव्हतं, आणि सातशे-आठशे खुर्च्यांपुढे हे नाटक करण्यात अर्थही नव्हता. 1974 मध्ये दादर पश्चिमेला स्टेशनाजवळच्या छबिलदास शाळेचा वरच्या मजल्यावरचा हॉल मिळाला आणि प्रश्न सुटला.

खाली भाजीबाजार, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, पलीकडे लोकलची ये-जा, आणि वर शाळेचा साधा हॉल. कायमचा रंगमंच नाही, पडदा नाही. लेव्हल्स रचायच्या, खुर्च्या मांडायच्या, चार-सहा स्पॉट लावायचे आणि प्रयोग संपला की सगळं उचलून हॉल शाळेला परत करायचा. प्रेक्षक इतक्या जवळ की नटाचा श्वास त्यांना ऐकू जावा. त्या जवळिकीने मराठी अभिनयाचा सूर खाली आणला. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची गरज उरली नाही, तेव्हा नटाला पुटपुटता आलं, गप्प राहता आलं, पाठमोरं बसता आलं. जयदेव हट्टंगडींचं ‘चांगुणा’ आणि त्यातल्या रोहिणी हट्टंगडी, तेंडुलकरांच्या ‘पाहिजे जातीचे’मधला तरुण नाना पाटेकर हे याच काळातले. आविष्कारने आणखी एक मोठेपणा दाखवला. हॉल स्वतःपुरता न ठेवता तो इतर संस्थांनाही वापरू दिला. त्यामुळे ‘छबिलदास’ हे एका संस्थेचं नाव न राहता एका चळवळीचं झालं.

या सगळ्याच्या मुळाशी शाळेच्या चालकांनी संध्याकाळी एका हॉलचं कुलूप उघडायला दिलेला होकार होता. त्यांनी नाट्यधोरण आखलं नव्हतं, अनुदान मंजूर केलं नव्हतं. शांता गोखले यांनी भुलाभाई, वालचंद टेरेस आणि छबिलदास या तीन जागांवर एक आख्खं पुस्तक संपादित केलं आहे. तिन्ही ठिकाणी काम केलेल्या माणसांच्या आठवणी त्यात आहेत. नाटकाचा इतिहास जागांच्या अंगाने सांगायचा हा निर्णय मला फार योग्य वाटतो.

स्वस्त खोली कलाकाराला एक गोष्ट देते जी दुसरं कुणीच देऊ शकत नाही, ती म्हणजे पडण्याची मुभा. व्यावसायिक नाटकाचं गणित पाहा. नाट्यगृहाचं भाडं, सेटचा ट्रक, प्रकाश आणि ध्वनी, वर्तमानपत्रातली जाहिरात, नटांची नाइट, बॅकस्टेजची मजुरी. हे सगळं वसूल व्हायचं तर शनिवार-रविवारच्या तारखा हव्यात आणि त्या तारखांवर आधीच सगळ्यांचा डोळा. अशा वेळी निर्माता मालिकेतला ओळखीचा चेहरा शोधतो, दोन अंकी विनोदी नाटक शोधतो, एका दिवाणखान्यात घडणारी गोष्ट शोधतो. त्याला मी दोष देणार नाही. त्याच्यावर पन्नास घरं चालतात. पण चाळीस माणसांनी पाहिलेलं आणि पंचवीस जणांना न आवडलेलं नाटक त्याला परवडत नाही, आणि भाषेला तर अशा नाटकांची गरज असते. लेखकाचं चौथं नाटक चांगलं व्हायचं असेल तर आधीची तीन कुठेतरी पडावी लागतात. छबिलदासमध्ये तशी पडलेली नाटकं कितीतरी असतील. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, तरी गाजलेल्या नाटकांची वाट त्यांनीच घडवली.

हे फक्त मध्यमवर्गीय दादर-गिरगावपुरतं नाही. गिरणगावाची संस्कृती तर अक्षरशः खोलीतून जन्माला आली. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणीकामगार एकटा यायचा आणि गावकऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत राहायचा. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी पंधरा-वीस माणसं. त्याच खोलीच्या खुंटीला मृदंग टांगलेला असे. रात्री पेटी-टाळ निघाले की भजन बसायचं, गणपतीच्या आधी जाखडीचा सराव चालायचा, शिमग्यासाठी नमनाची तयारी व्हायची. जागा अपुरी पडली की मंडळी गॅलरीत यायची, गॅलरी पुरली नाही की चाळीच्या चौकात. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या 1944 मध्ये निघालेल्या लाल बावटा कलापथकाला हाच चौक आणि गिरणीचा दरवाजा मिळाला. आंबेडकरी जलशांनाही चाळींचे चौक मिळाले. चार मजल्यांच्या गॅलऱ्यांमधून बाया-माणसं वाकून बघायची, म्हणजे प्रेक्षागार तयारच. या रचनेचा उपयोग शाहिरांनी फार हुशारीने केला. आवाज कुठे फेकायचा, कोणत्या ओळीला वर बघायचं, हे सगळं चौकाने त्यांना शिकवलं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कामगार देशोधडीला लागला याबद्दल खूप लिहिलं गेलं, आणि जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने ते रंगभूमीवर कायमचं कोरून ठेवलं. पण त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत आणखी एक गोष्ट झाली. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले, मग चाळींचा पुनर्विकास सुरू झाला. लोकांना स्वतःचा संडास असलेलं घर मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. चाळीच्या हालअपेष्टांना कुणी सोनेरी मुलामा देऊ नये. मात्र नव्या इमारतीत चौक नाही. जिथे चौक असता तिथे वाहनतळाचे मजले आहेत. लिफ्टमधून वर गेलेला माणूस दार लावून घेतो, आणि मृदंग काढला तर शेजारी तक्रार करतो. ज्या मंडळांनी पिढ्यानपिढ्या डबलबारी रंगवली, ती आता सरावासाठी विरार-नालासोपाऱ्यापर्यंत जागा शोधत फिरतात.

परळच्या दामोदर नाट्यगृहाची गोष्ट याच धाग्यातली. ना. म. जोशींनी 1911 मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या आवारात 1922 मध्ये हे सभागृह उभं राहिलं. कामगारांची नाटकं, नमन, शक्ती-तुरा, भजनं यांचं ते हक्काचं ठिकाण. सहकारी मनोरंजन मंडळाचा संसार तिथेच. शताब्दी उलटल्यावर 2023 मध्ये ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं आणि रंगकर्मींना रस्त्यावर उतरून मागणी करावी लागली की जेवढं होतं तेवढं नाट्यगृह पुन्हा मिळावं. इमारती जुन्या होतात, त्या पाडाव्या लागतात, हे मान्य. माझा आग्रह एवढाच आहे की पाडण्याआधी पर्यायी जागा द्यावी. चार-पाच वर्षांच्या खंडात कलेची माणसं विखुरतात आणि नवी वास्तू उभी राहिल्यावर त्यांना बोलावून आणता येत नाही.

कुणी म्हणेल, मुंबईत नाट्यगृहं काय कमी आहेत? शिवाजी मंदिर आहे, साहित्य संघ आहे, विलेपार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे आहे. आहेतच, आणि ती हवीतच. पण ती पूर्ण झालेल्या नाटकासाठी आहेत. नाटक पूर्ण होण्याआधी जिथे राहतं ती जागा वेगळी. जुहूचं पृथ्वी थिएटर सुमारे दोनशे खुर्च्यांचं. शशी आणि जेनिफर कपूर यांनी 1978 मध्ये ते सुरू केलं आणि पहिला प्रयोग झाला गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चा. एका मराठी नाटककाराच्या राजकीय नाटकाने त्या रंगमंचाचं उद्घाटन झालं, याचा मला आजही अभिमान वाटतो. तसं थिएटर दादरला, परळला, डोंबिवलीला का नसावं? अंधेरी-वर्सोव्याकडे आरामनगरच्या बंगल्यांमध्ये छोटे स्टुडिओ निघाले, तिथे हिंदी-इंग्रजी प्रयोग जोरात होतात. पण तिथला हिशोब तासावर चालतो, आणि लालबागहून ऑफिस सुटल्यावर निघालेला मुलगा तिथे पोचेपर्यंत निम्मा वेळ लोकलमध्ये गेलेला असतो.

दुसरा युक्तिवाद मोबाइलचा. आता कलाकाराला जागा कशाला, रील करून टाकली की लाखो लोक बघतात! बघतात, आणि त्यातून काही फार गुणी मुलं पुढे आली आहेत. तरीही आठ जणांचा प्रवेश एकत्र श्वास घेऊन बसवायचा असतो, तो आठ वेगवेगळ्या घरांतून बसत नाही. जलशातला झीलकरी मूळ गाणाऱ्याच्या पाठीशी उभा राहूनच झील धरायला शिकतो.

आजची एखादी तालीम पाहिली की हे पटतं. उपनगरातल्या शाळेचा वर्ग. बाकं भिंतीला सरकवून एकावर एक चढवलेली. फरशीवर खडूने दार, खिडकी, पलंग आखलेला, आणि जो नट खडूच्या रेघेवरून चालतो त्याला ‘भिंतीतून गेलास’ म्हणून सगळे ओरडतात. फळ्यावर सकाळचं गणित तसंच, कारण ते पुसायचं नाही असं बाईंनी बजावलेलं. बँकेतली मुलगी डबा खाता खाता संवाद पाठ करते. साडेनऊला शिपाईमामा दारात येऊन उभे राहतात, काही बोलत नाहीत, किल्ल्यांचा जुडगा हातात असतो. दिग्दर्शक म्हणतो, एकदाच शेवटचा प्रवेश. मामा दहा मिनिटं थांबतात, आणि मग आत येऊन बाकावर बसतात. प्रवेश संपल्यावर ते सांगतात की मधल्या मुलाचं बोलणं मागे ऐकू येत नाही. त्या नाटकाचा तो पहिला प्रेक्षक, आणि त्याची सूचना दुसऱ्या दिवशी पाळली जाते.

अशी शाळा दर वर्षी सवाई एकांकिका स्पर्धेच्या रात्री, 25 जानेवारीला, रात्रभर जागून एकांकिका बघणाऱ्या गर्दीमागे उभी असते. आयएनटीची स्पर्धा असो, राज्य नाट्य स्पर्धा असो की कामगार कल्याण केंद्रांची, बक्षीस घेणाऱ्या प्रत्येक संघामागे कुणीतरी उघडून दिलेलं एक दार आहे.

ही दारं शहरात आजही आहेत. मराठी माध्यमाच्या शाळांचा पट घसरला, पालिकेच्या कितीतरी शाळांत वर्ग रिकामे पडले आहेत. वाचनालयांचे हॉल संध्याकाळी बंद असतात. नव्या सोसायट्यांतली सभागृहं लग्न-बारशापुरती उघडतात. पालिकेने ठरवलं तर प्रत्येक वॉर्डात दोन शाळांचे हॉल संध्याकाळी तालमीसाठी नाममात्र दराने देता येतील, नोंदणीचा फलक शाळेच्या दारावर लावता येईल, आणि मंडळाने जागा झाडून परत द्यावी अशी अट घालता येईल. त्यासाठी नवी वीट रचायची गरज नाही.

तोवर विनंती आहे ती हा अंक वाचणाऱ्यांना. तुमच्यापैकी कुणी शाळेचे विश्वस्त असाल, ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर असाल, सोसायटीचे सचिव असाल, देवस्थानच्या समितीवर असाल. पुढच्या बैठकीत एक ठराव मांडा: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, सात ते दहा, आपला हॉल परिसरातल्या नाटकवाल्यांना, भजनी मंडळाला, गाण्याच्या किंवा नाचाच्या गटाला सरावासाठी द्यायचा. विजेचं बिल आणि शिपायाच्या जादा वेळेचे पैसे मंडळी देतील, आवाजाची वेळ पाळतील, बाकं जागच्या जागी लावतील. दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरतील तेव्हा स्पर्धांचा हंगाम तोंडावर आलेला असेल. हा ठराव तेव्हाच मांडा.