आठवीनंतरचा तास

सहामाहीचे पेपर तपासून झाले की मी गठ्ठा घेऊन वर्गात जायचो आणि सर्वांत जास्त गुणांपासून खाली, अशा क्रमाने नावं पुकारत पेपर वाटायचो. 'ड' तुकडी आठवी आणि नववी, दोन्ही वर्षं माझ्याकडे होती. त्यातला एक मुलगा गठ्ठा निम्म्यावर आला की खिडकीबाहेर बघायला लागायचा. त्याचं नाव शेवटच्या चारांत असायचं. ते पुकारण्याआधीच मागच्या बाकांवर हसणं सुरू व्हायचं. तो पेपर घ्यायचा, चार घड्या घालून खिशात टाकायचा. याच वर्गावर मी मूल्यशिक्षणाचा तासही घ्यायचो. वक्तशीरपणापासून राष्ट्रीय एकात्मतेपर्यंतच्या दहा मूल्यांच्या यादीत संवेदनशीलता होतीच. तिच्यावर मी फळा भरून लिहिलेलं मला आठवतं.

हाच विषय आता 'सामाजिक-भावनिक शिक्षण' या नावाने पुन्हा शाळेत आला आहे. आपल्या भावना ओळखणं, त्या सांभाळणं, दुसऱ्याचं मन जाणणं, नाती टिकवणं, विचार करून निर्णय घेणं, अशी पाच अंगांची मांडणी 1994 साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'कॅसेल' या संस्थेने रूढ केली. 2011 साली जोसेफ डर्लक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 213 उपक्रमांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पावणेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. वागणुकीबरोबर अभ्यासही सुधारलेला दिसला: वर्गातल्या शंभरांपैकी पन्नास जणांच्या पुढे असलेलं मूल एकसष्ट जणांच्या पुढे जावं, इतका. हा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. त्या 213 उपक्रमांत हायस्कूलचे थोडेच होते, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं.

आपल्याकडेही तेच. दिल्ली सरकारने 2018 साली सुरू केलेला 'हॅपिनेस' अभ्यासक्रम आठवीपर्यंत होता. महाराष्ट्रातला 'आनंददायी शनिवार' पहिली ते आठवीसाठी. म्हणजे आवाज फुटायला लागतो, आरशासमोरचा वेळ वाढतो, घरी बोलणं कमी होतं आणि दहावीचं नाव रोज कानावर पडू लागतं, नेमक्या त्या वर्षी हा तास वेळापत्रकातून जातो. त्याच्या जागी गणिताचा जादा तास येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यात कॉलेजची मुलंही आली. राज्यांच्या यादीत सर्वांत वर महाराष्ट्र होता. एवढ्या मोठ्या दुःखाचं खापर मी एका रद्द झालेल्या तासावर फोडणार नाही. पण त्या वयाच्या मुलाला शाळेत बोलायला कुणी आहे का, हा प्रश्न मग टाळताही येत नाही.

मग नववी-दहावीलाही तो तास द्यावा का? ब्रिटनमध्ये 84 शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठा प्रयोग झाला. अकरा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षकांनी सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, धडे दिले. 2022 साली निष्कर्ष आले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा या धड्यांनी मुलांच्या मानसिक आरोग्यात काही जास्त फरक पडला नव्हता. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता.

मला याचं आश्चर्य वाटलं नाही. चौथीतल्या मुलाला 'राग आला की दहा अंक मोज' म्हटलं तर तो मोठ्याने मोजतो. नववीतल्या मुलाला तेच सांगा. त्याला ऐकू येतं ते असं: तुला स्वतःला सांभाळता येत नाही, असं सर चारचौघांत म्हणतायत. किशोरांसाठीचे असे उपक्रम का फसतात, यावर टेक्सास विद्यापीठातल्या डेव्हिड येगर यांनी लिहिलं आहे. या वयात मुलं आधी हे बघतात की समोरचा आपल्याला मान देतोय का. माझ्या अनुभवात तर हे पहिल्या पाच मिनिटांत ठरतं.

आणि आपली शाळा त्यांना काय देते? 'अ' तुकडीला अनुभवी सर, 'ड' तुकडीला नवीन लागलेले. 'ढ' हे वर्णमालेतलं साधं अक्षर, आपण ते मुलांवर शिक्क्यासारखं मारलं. मुलं चिडवतात म्हणून मुलगी तक्रार घेऊन आली तर 'तू लक्ष देऊ नकोस', आणि चिडवणाऱ्याला काहीच नाही. फी भरली नाही म्हणून वर्गात उभं करणं. पालकसभेत मुलासमोर त्याचं प्रगतिपुस्तक मोठ्याने वाचणं. मुलं भावनांचं शिक्षण इथे घेतात, रोज सहा तास, आणि ते त्यांच्या अंगी नीट मुरतं. आठवड्यातला एक तास त्याच्याशी झुंजू शकत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की हायस्कूलमध्ये हा अभ्यासक्रम आधी शिक्षकांच्या खोलीत शिकवावा.

साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं कामही बघत. मुलांसाठी ते 'छात्रालय' हे दैनिक हाताने लिहून काढत. त्यांच्या हळवेपणाच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतो. मला या दैनिकाचं जास्त वाटतं. शिकवून, पेपर तपासून दमलेला माणूस पुन्हा लिहायला बसतो, कारण छात्रालयातली पोरं त्याच्या लेखी वाचक आहेत. यापेक्षा मोठा मान त्या वयाच्या मुलाला कोणी दिला असेल, असं मला वाटत नाही.

दहावीला 'ड' तुकडी पुन्हा माझ्याकडे आली तेव्हा मी नावं पुकारणं बंद केलं. ऑफ तासाला एकेकाला बोलवायचं, पेपर त्याच्यासमोर ठेवायचा, दोन मिनिटं बोलायचं. बावन्न मुलं होती. चार दिवस गेले, पोर्शन मागे पडला आणि त्याबद्दल मला बोलणीही खावी लागली. तो मुलगा आला, बसला आणि बराच वेळ पेपर चाळत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, तिसऱ्या पानावरचे चार मार्क धरलेले नाहीत." खरंच धरलेले नव्हते. मी बेरीज दुरुस्त केली. याआधी कधी तपासली होतीस का, असं विचारलं, तर त्याने मान हलवली. आठवीपासून त्याने एकही पेपर उघडून बघितला नव्हता.