भाषा देणारी माउली

सज्जनहो, आमच्या दिंडीतल्या एका टाळकऱ्याचे चिरंजीव जर्मनीत नोकरीस आहेत. त्यांनी विचारले, "महाराज, इथली भाषा शिकवणाऱ्या बाईंना गुरुपौर्णिमेस नमस्कार करावा का? त्या आपल्या धर्माच्या नाहीत."

अहो, अवश्य करावा! संस्कृत न जाणणाऱ्यांची अडचण ओळखून ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत सांगितला. त्यांच्या लेकरांनी भाषा देणाऱ्याला परके म्हणावे काय? नामदेवराय पंजाबात घुमानला राहिले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची ६१ पदे आहेत, ती तिकडच्या लोकांना कळणाऱ्या बोलीत. ती बोली काय पंढरीहून बांधून नेली होती?

जर्मनीतही आपल्यासारखी तीन लिंगे, विभक्त्या मात्र चारच म्हणे. आम्ही पाठशाळेत रूपे घोकली ती छडीच्या धाकाने. या बाई म्हाताऱ्या, शनिवारी घरी बोलावतात, दमडी घेत नाहीत. पोर चुकले की हसतात नि तोच शब्द दहादा म्हणवून घेतात. परमुलखात मुक्या झालेल्या माणसाला वाचा देणे हे लहान काम नव्हे, बरे!

नमस्कार झाला. बाईंनी देवाचे नाव विचारले. त्यांना 'ठ' काही केल्या येईना. आता चिरंजीव त्यांच्याकडून 'विठ्ठल' दहादा म्हणवून घेत आहेत.