आप्तवचनाची किंमत

तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, छंद मात्र नाण्यांचा. शिवराई हातात आली की वजन, कड आणि अक्षरांची झीज पाहून मी मत देऊ शकतो. कॅसेशियस या बिटकॉइन भरलेल्या नाण्यापुढे ही पारख अपुरी पडते आणि न्यायदर्शनातला प्रश्न उभा राहतो: जे पाहता येत नाही, ते आहे हे कशावरून मानायचं?

2011 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात माइक कॉल्डवेल यांनी ही पितळी नाणी काढायला सुरुवात केली. पाठीवर होलोग्राम, त्याखाली कागदाच्या कपट्यावर खासगी किल्ली. किल्ली ज्याच्या हाती, बिटकॉइन त्याचं. होलोग्राम सोलला की जाळीदार खूण उमटते.

किल्लीशी जोडलेल्या पत्त्यावर बिटकॉइन शिल्लक आहे का, हे कुणीही तपासू शकतं, ते प्रत्यक्ष. होलोग्राम शाबूत आहे, म्हणजे किल्ली कुणी पाहिलेली नाही, हे अनुमान. त्यात हेत्वाभासाला, म्हणजे फसव्या कारणाला, जागा आहे, कारण होलोग्राम सफाईने उचलता येतो हे 2013 च्या डेफकॉन या हॅकर परिषदेत दिसलं. किल्ल्यांची प्रत ठेवली नाही, हे तर केवळ कॉल्डवेल यांच्या शब्दावर. चार्वाकासारखं प्रत्यक्षच हवं असेल तर नाणं सोलावं लागेल. किल्ली मिळेल, पण संग्राहकाला हवं असलेलं नाणं तिथेच संपेल.

लिलावात आतल्या बिटकॉइनच्या बाजारभावावर जी रक्कम चढते, ती या न सोललेपणाची आणि दुर्मिळतेची. सरकारी पत्र आल्यावर नोव्हेंबर 2013 मध्ये कॉल्डवेल यांनी बिटकॉइन भरलेली नाणी विकणं थांबवलं. पहिल्या मालिकेत होलोग्रामवर नाण्याच्या नावाचं स्पेलिंगच चुकलं होतं. त्या चुकीलाही भाव येतो.

मध्यस्थावर विश्वास ठेवावा लागू नये, म्हणून सातोशी नाकामोतो यांनी 2008 मध्ये बिटकॉइनची कल्पना मांडली. त्याचं नाणं झालं आणि विश्वास परत आला. मला यात बिटकॉइनचा पराभव दिसत नाही. शब्द, म्हणजे आप्ताचं वचन, हे स्वतंत्र प्रमाण आहे, असं नैयायिक म्हणतात ते मला इथे पटतं.

वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगू इच्छिणारा तो आप्त. नाणं विकणाऱ्यालाही हे लागू आहे. नाणं कुणाकडून आलं, होलोग्रामची कड कुठे उचललेली आहे, हे लिलावाच्या वर्णनात स्पष्ट लिहा, जवळून काढलेले फोटो द्या. पैसे मात्र कार्डाने घेऊ नका: घेणारा नाणं सोलून बिटकॉइन काढून घेईल, बँकेकडे तक्रार करून पैसेही परत मिळवेल, आणि बिटकॉइनच्या साखळीवरचा तो व्यवहार कुणालाच उलटवता येणार नाही.