उसनी चुंबळ

पुतणीला मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून प्रवेशाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं आणि मलकापुरातल्या आमच्या घरात तयारी सुरू झाली. मी प्रश्न विचारायचा, तिनं उत्तरं द्यायची. आई दारात गहू निवडत ऐकत असायची.

"गावातल्या पाण्याबद्दल विचारलं तर?" उत्तरही मीच दिलं. "डोक्यावर हंडे वाहत शिकले म्हण. ऐकणाऱ्याला भिडतं."

ती हसली. "काका, मला कळतंय तवापासनं आपल्या नळाला चोवीस तास पाणी हाय. मीटर बसलाय. मी कवा हंडा उचलला?"

"आजीनं उचललाय की. घर तर एकच."

आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "चुंबळ माझ्या डोक्यावर हुती. तिच्या डोक्यावर कशाला ठेवतूस?"

मी गप्प झालो. तयारी करण्यात खोटं काही नाही. पैलवानही मेहनत करूनच आखाड्यात उतरतो. पण अंग त्याचं स्वतःचं असतं. माझ्या उत्तरातलं सगळं आमच्याच घरात घडलेलं, तरी ते उसनं होतं. आणि त्याच रांगेत माणदेशातली एखादी पोर बसली असेल, जिनं खरंच हंडे वाहिले असतील. आम्ही तिच्या तोंडचा शब्द पळवणार होतो.

जवळच्याच काले गावी 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं 'कमवा आणि शिका' म्हणत गरिबाघरची पोरं राबून शिकली. तिथं कष्ट करून शिक्षण मिळायचं. मी कष्टाची गोष्ट सांगून मिळवायला निघालो होतो, तीही दुसऱ्याच्या कष्टाची.

पुतणीनं मुलाखतीत मीटरचं सांगितलं. चोवीस तास पाणी असूनही आजी रोज रात्री घरातली सगळी भांडी भरून ठेवते, हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "मीटरचं पाणी गरिबाला परवडतं का?"

"मी फक्त आमच्या घरचं बिल बघितलंय," ती म्हणाली.

घरी आल्यावर मी हळहळलो. "काहीतरी ठोकून द्यायचं की गं!"

"ठोकून कशाला द्यायचं? इचारून येते की," म्हणत तिनं चपला घातल्या. निकाल लागायचा होता. ती मात्र शेजारच्या गल्लीत पाण्याची बिलं बघत दारोदार फिरत होती.