चुलवाणाच्या तोंडाशी

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २८, ओव्या १ ते ६)



वरील पाठ आपण आज रात्री घरी सर्वांस जवळ बसवून सावकाश वाचावा, अशी माझी विनंती आहे. हिवाळ्याचे दिवस तोंडावर होते. तारू फुटले होते. त्यावरील दोनशे शहात्तर जीव, कोणी पोहत, कोणी फळ्यांस धरून, माल्टा बेटाच्या किनाऱ्यास लागले. वरून पाऊस, अंगात हुडहुडी. तेथील रहिवाशांनी दया करून शेकोटी पेटविली. त्या वेळी पौल काय करीत होता? त्याने उपदेश आरंभिला असे लूक लिहीत नाही. त्याने काटक्याकुटक्यांची मोळी गोळा केली आणि ती विस्तवावर घातली, असे तो लिहितो.

ज्याने अनेक नगरांत मंडळ्या स्थापिल्या, ज्याच्या पत्रांवर आजही आपली मंडळी पोसली जाते, तो प्रेषित त्या रात्री जळण वेचीत होता. कोणी त्यास सांगितले नव्हते. विस्तव दुसऱ्यांनी पेटविला होता, पण पेटलेला विस्तव राखण्यास जळण लागते, हे त्यास ठाऊक होते.

आपणांपैकी बहुतेकांस हे चित्र परके नाही. दिवाळी सरली, मार्गशीर्षाची थंडी पडू लागली, म्हणजे आपल्या करवीर, पन्हाळा, कागल व राधानगरी भागांत पूर्वी मळ्यामळ्यांतून गुऱ्हाळांचा धूर दिसू लागे. आता गुऱ्हाळे थोडी उरली आहेत आणि बहुतेक ऊस साखर कारखान्यांस जातो; तरी जी चालू आहेत ती ह्याच दिवसांत चालतात. ज्या गुळासाठी छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसली, आणि ज्यास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो कोल्हापुरी गूळ ह्याच थंडीत आणि ह्याच विस्तवावर होतो.

गुऱ्हाळावर पाहुणा गेला म्हणजे त्यास काय दिसते? प्रथम चरक दिसतो. पूर्वी लाकडी घाणा असे व बैल त्याभोवती फिरत. पुढे लोखंडी चरक आला. बेळगावात सायकलींचे दुकान चालविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, आणि तेथे ओतलेले नांगर व चरक आपल्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांच्या घरी पोहोचले. मग बैल सुटले व तेलावर चालणारी इंजिने आली. त्यांच्या मोठ्या चाकावरून चरकावर पट्टा चढविला जाई. पुढे वीज आली, आणि ती इंजिने छपराच्या कोपऱ्यात गंजत पडली.

चरकानंतर पाहुण्यास काहील दिसते. तीत रस उकळतो, त्यात भेंडीचा चीक पडतो, मळी वर येते व ती काढून टाकतात. काहिलीजवळ गुळव्या उभा असतो. पाक पाण्यात टाकून त्याची गोळी होते की नाही हे तो बोटांनी पाहतो, आणि तो म्हणेल त्या क्षणी काहील उतरते. त्याचे कौतुक सर्व जण करतात, आणि ते योग्यच आहे.

परंतु एक माणूस पाहुण्यास दिसत नाही. काहिलीखाली चुलवाण असते व त्याचे तोंड पलीकडच्या अंगास, खाली खड्ड्यात असते. तेथे जळव्या बसतो. रस काढून उरलेली चिपाडे हेच त्याचे जळण. उसाचाच चोथा उसाचाच रस आटवितो, अशी ही देवाने लाविलेली काटकसर आहे! पण चरकातून निघालेले ओले चिपाड विस्तवात घातले तर नुसता धूर होतो, डोळे चुरचुरतात, आणि काहील थंडावते. म्हणून बायामाणसे ती चिपाडे उन्हात पसरून ठेवतात, उलटीसुलटी करतात, आणि खडखडीत वाळल्यावरच ती जळव्याच्या हाताशी येतात. तो ती मूठमूठ घालतो. जाळ फार झाला तर गूळ करपतो. कमी झाला तर रस वेळेवर आटत नाही. एक आधण उतरण्यास दोन-अडीच तास लागतात, व तेवढा वेळ त्यास तेथून हलता येत नाही. बैल गेले, इंजिने आली, इंजिने गेली, वीज आली; तरी चुलवाणाच्या तोंडाशी माणूस बसावाच लागतो.

आता मी आपणांपुढे माझा एक अपराध कबूल करणार आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी, सेमिनरीतून नुकताच बाहेर पडून, मी भोगावतीकाठच्या काही खेड्यांतील मंडळीचा पाळक झालो. वय थोडे होते व आवेश पुष्कळ होता. नाताळच्या प्रभुभोजनापूर्वी मी हजेरीचे पुस्तक काढले. एक वृद्ध बंधू दिवाळीपासून एकाही रविवारी उपासनेस आले नव्हते. पंचांपैकी एक-दोघे म्हणाले, “ते कामावर असतात, थोडे थांबावे.” मी थांबलो नाही. नियम तो नियम, असे म्हणून मी त्यांचे नाव त्या खेपेच्या भोजनाच्या यादीतून काढावयास लाविले, आणि स्वतःच्या हाताने नावापुढे शेरा लिहिला : “विश्वासात थंड.”

पौषात एका मळेकऱ्याने मला गुऱ्हाळावर बोलाविले. त्या वर्षांत भारनियमनाने खेडी हैराण झाली होती. रात्री-अपरात्री वीज जाई, म्हणून मळेकऱ्याने कोपऱ्यातले जुने इंजिन दुरुस्त करून पुन्हा पट्ट्यास जोडले होते. मी पोहोचलो तेव्हा पहाट व्हायची होती व चार जण त्या इंजिनाशी झुंजत होते. त्या इंजिनात ठिणगी नसते. कोंडलेली हवा दाबाने तापावी तेव्हा तेल पेटावे, अशी त्याची रीत. थंडीने सारे लोखंड गारठले होते. हॅन्डल फिरवून फिरवून त्यांचे हात भरून आले, तेव्हा कोठे ते धडधडू लागले. मी बाजेवर बसून हे पाहिले, रस प्यालो, मळेकऱ्यासाठी व गुळव्यासाठी प्रार्थना केली, आणि उठलो.

उठताना सहज चुलवाणाच्या मागच्या अंगास गेलो. खड्ड्यात, तोंडाशी लाल उजेड व पाठीस कडाक्याची थंडी अशा जागी, माझ्या पुस्तकातला तो “थंड” माणूस बसला होता. भुवया जाळाने झडलेल्या, हातांवर जुने डाग. मला पाहून ते उठू लागले, पण हातातली मूठ प्रथम विस्तवात घातली आणि मग हात जोडले. “सलाम, पाळकसाहेब,” म्हणाले; आणि लगेच विचारले, “गेल्या ऐतवारी शास्त्रपाठ कुठला हुता?”

मी सांगितला. त्यांनी मान हलविली. मग समजले की दर सोमवारी त्यांची नात जेवण घेऊन येई, आणि आदल्या दिवशी देवळात ऐकलेले त्यांस सांगे. ते आठवडाभर ते जाळापाशी मनात घोळवीत. आणखीही एक गोष्ट मला त्या पहाटे नातीकडूनच कळली. आमच्या मंडळीतील एका विधवा भगिनीच्या चुलीस त्या हिवाळ्यात जळण कमी पडले नव्हते. मळेकऱ्याच्या परवानगीने वाळल्या चिपाडांचा एक भारा दर आठवड्यास तिच्या दारात जाऊन पडे. तो कोण टाकतो हे मी कधी विचारले नव्हते. माझ्या पुस्तकात त्यास रकाना नव्हता.

मी खड्ड्यात उतरलो आणि म्हणालो, “बाबा, माझे चुकले. मी तुमचे नाव काढले.” ते थोडा वेळ जाळाकडे पाहत राहिले. मग हातातले चिपाड दाखवून म्हणाले, “वलं चिपाड हुतं, पाळकसाहेब. वलं घातलं की धूरच हुतो. वाळंल, मग जळंल.”

पुढच्या रविवारी दुपारी मी प्रभुभोजनाची भाकर व प्याला घेऊन तेथे गेलो. त्यांनी मला थांबविले. “आधण उतरू द्या. द्येव थांबंल, पर गूळ करपला तर मालकाचं नुसकान हुईल.” मी थांबलो. काहील उतरली, त्यांनी हात धुतले, डोक्यावरचे फडके काढले, आणि चुलवाणाच्या तोंडाशी आम्ही प्रभूचे भोजन घेतले. पाळक होऊन मला कित्येक महिने झाले होते. पण त्या दुपारी मी पाळक झालो असे मी समजतो.

प्रियजनहो, आता पुन्हा पाठाकडे वळा. पौलाने मोळी विस्तवावर घालताच उष्णतेने एक विषारी साप बाहेर निघाला व त्याच्या हातास डसून राहिला. चिपाडांच्या ढिगात हात घालणाऱ्यांस हे सांगावयास नको. घोणस कोठे निजलेली असते हे आपणांस ठाऊक आहे. बेटावरच्या लोकांनी ते पाहिले मात्र, लगेच ठरविले की हा खुनी असला पाहिजे. थोड्या वेळाने तो मेला नाही असे पाहून तेच लोक म्हणू लागले की हा देव आहे. दोन्ही निवाडे घाईचे, आणि दोन्ही खोटे. खरी गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर होती : एक भिजलेला, कैदी माणूस इतरांस ऊब मिळावी म्हणून जळण आणीत होता. हातावरचा साप सर्वांनी पाहिला. हातातली मोळी कोणी पाहिली नाही.

मी त्या बेटकरांहून वाईट ठरलो. ते निदान परके होते. मी पाळक होतो.

म्हणून माझे उपदेशक बंधूंस प्रथम सांगणे हे की, कोणाच्याही नावापुढे “थंड” असे लिहिण्यापूर्वी त्याच्या विस्तवापर्यंत चालत जा. ह्या दिवसांत आपल्या मंडळीतील कोण कोणत्या गुऱ्हाळावर आहे, कोण ऊसतोडीस गेला आहे, कोण रात्रपाळीस कारखान्यात आहे, ह्याची यादी करा. हजेरीच्या यादीहून ही यादी अधिक उपयोगी पडेल. मग सवडीची वेळ विचारा, आणि तुमच्या वेळेस नव्हे तर त्यांच्या वेळेस जा. आम्ही त्या वर्षापासून हंगामात एक उपासना पहिले आधण चढण्यापूर्वी गुऱ्हाळावरच करू लागलो. कोणी म्हणाले, मळीच्या वासात उपासना शोभत नाही. मी त्यांस म्हणालो, आपला प्रभू गोठ्यात जन्मला, तेथे कोणता वास होता?

दुसरे सांगणे मळेकरी व मुकादम बंधूंस. गुळाची प्रतवारी पेठेत होते, पण तो करणाऱ्याची मजुरी तुमच्या हातात असते. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचा. अडकवून ठेवलेली मजुरी देवाच्या कानी ओरडते, असा त्याचा भावार्थ आहे. खड्ड्यातल्या माणसास पाणी, विश्रांतीस बदली माणूस, आणि ठरल्या दिवशी पैसे, एवढे तरी त्यास मिळालेच पाहिजे.

तिसरे सांगणे स्वतः जळण घालणाऱ्यांस; आणि त्यांत चुलीपुढे बसणाऱ्या माझ्या माताभगिनी सर्वांत पुढे आहेत. आपले काम कोणास दिसत नाही म्हणून ते लहान आहे असे समजू नका. लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वेदीवरील अग्नी विझू नये म्हणून याजकाने रोज सकाळी त्यावर लाकडे रचावी, अशी आज्ञा आहे. तेथे अग्नी राखणे हे याजकाचे काम ठरले. ज्याने पौलाची मोळी पाहून लूकाकडून लिहवून घेतली, तो तुमचीही मूठ पाहतो.

आणि जे माझ्यासारखे आवेशाने ओले आहेत, त्यांनी धीर धरावा. प्रभूच्या वचनाच्या उन्हात पडून राहावे, उलटेसुलटे होऊ द्यावे. चरकातून पिळून निघालेला चोथा टाकाऊ वाटतो. परंतु वाळला म्हणजे त्याच्याच जाळावर रसाचा गूळ होतो. दुःखाने पिळलेली किती माणसे आपल्या मंडळ्यांत अशीच इतरांची ऊब झाली आहेत!

ते वृद्ध बंधू आता प्रभूमध्ये निजले आहेत. ते गुऱ्हाळही बंद झाले. धुराड्यावर वेल चढला आहे, आणि जुन्या चरकाचा लाट अंगणात बसावयास ठेवला आहे. मी त्या वाटेने गेलो म्हणजे त्यावर क्षणभर बसतो. हजेरीच्या त्या जुन्या पुस्तकातला शेरा मी खोडला नाही. त्याखाली तारीख घालून एवढेच लिहिले : “हा शेरा लिहिणाऱ्यास लागू.”

हे कृपाळू पित्या, ज्यांस आम्ही पाहिले नाही त्यांस तू पाहिले आहेस. आमचे घाईचे निवाडे क्षमा कर. ह्या थंडीत जो कोणी दुसऱ्यासाठी जाळापाशी जागतो, त्याच्या पाठीस तुझी ऊब असो. आमेन.