उपजत गुण आणि कमावलेला अनुभव

विद्यापीठाच्या स्पर्धांचे दिवस जवळ आले की निपाणी, चिकोडी, बेळगाव, कोल्हापूर या आपल्या पट्ट्यातील महाविद्यालयांत एक जुना वाद नव्याने डोके वर काढतो. संघात जागा एकच असते. तिच्यासाठी एकीकडे तीन वर्षे मैदानावर घाम गाळलेला, फारशी चमक नसलेला पण भरवशाचा खेळाडू असतो. दुसरीकडे नुकताच आलेला, पाहताक्षणी डोळ्यांत भरणारा मुलगा असतो. कोणी म्हणतो, गुण उपजतच असावा लागतो. कोणी म्हणतो, अनुभवाला पर्याय नाही. दोन्ही वाक्ये आपल्या इतकी कानांवरची आहेत की ती तपासून पाहण्याची गरज आपल्याला भासत नाही. प्रश्न वरकरणी खेळाचा दिसतो. परंतु कोणाला संधी द्यायची आणि कोणाला थांबवायचे याचा तो निवाडा असल्याने मुळात तो नीतीचा प्रश्न आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हा वाद फार हिरिरीने घातला जातो. तेथील फुटबॉल हातात चेंडू घेऊन पळण्याचा आणि फेकण्याचा खेळ आहे आणि 'क्वार्टरबॅक' हा त्या डावाचा सूत्रधार. प्रतिपक्ष अंगावर धावून येत असताना चेंडू कोणाकडे फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावे लागते. अशा जागी अनुभव हवा की प्रतिभा? दाखले दोन्ही बाजूंना आहेत. सन २००० मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या ख्रिस वाइन्की याला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हाइझमन करंडक, म्हणजे त्या खेळातील सर्वांत मानाचा वैयक्तिक सन्मान मिळाला. २०१२ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या जॉनी मॅन्झेलने तोच करंडक आपल्या पहिल्याच हंगामात पटकावला. प्रतिभेचे पक्षपाती हा दुसरा दाखला अभिमानाने देतात. मात्र त्याआधीचे एक वर्ष मॅन्झेल एकही सामना न खेळता संघाबरोबर सराव करीत होता, हे सांगायचे ते विसरतात. कोणीतरी त्याला थांबवून घडविले होते. ज्याला आपण निखळ प्रतिभेचा विजय म्हणतो, त्याच्या मुळाशी असे न दिसणारे वर्ष पुष्कळदा असते.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार काव्याच्या संदर्भात केला आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने 'काव्यप्रकाशा'त काव्यनिर्मितीला शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तीन गोष्टी लागतात असे सांगितले. शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा, निपुणता म्हणजे लोकव्यवहार आणि शास्त्रे यांच्या निरीक्षणातून आलेली जाण. परंतु या तिन्ही मिळून हेतू एकच, असे त्याचे म्हणणे. तीन स्वतंत्र कारणे असती तर एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढता आली असती. तशी ती निघत नाही. शिवाय अभ्यास हा जाणकारांच्या शिकवणुकीखाली व्हावा, असेही तो म्हणतो. आमच्या विवेचनाला हा दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रतिभा माणूस स्वतःबरोबर घेऊन येतो. अनुभवाला मात्र दुसरा माणूस लागतो.

अनुभव म्हणजे नेमके काय, हेही पाहिले पाहिजे. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गवयांची गायकी जशीच्या तशी गाऊन दाखवीत. ते उपजत देणे होते, त्याविषयी वाद नाही. तरीही त्यांना मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे पाठविण्यात आले आणि देवधरांनी त्या बालकलावंताला विद्यार्थी केले. पुढे क्षयाच्या आजाराने देवासला त्यांचे गाणे काही वर्षे बंद झाले. मैफलींच्या हिशेबाने ही वर्षे रिकामी होती. परंतु माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांवर पडत राहिली आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्यांचे गाणे वेगळ्याच खोलीचे झाले होते. यावरून इतके तरी म्हणता येईल की, अनुभव वर्षांनी किंवा सामन्यांच्या संख्येने मोजायचा नसतो. तीन वर्षे एकच चूक करणाऱ्याच्या गाठीला तीन वर्षांचा अनुभव असतोच असे नाही.

याच प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला आपल्या मातीतच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. लाल मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅट नवी होती, वेळेची मर्यादा नवी होती, आंतरराष्ट्रीय नियम नवे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. उपजत गुणाची आणि तालमीतील मेहनतीची ती सीमा होती. तेथून पुढे नेणारी वस्तू त्यांच्यापाशी नव्हती. ती त्यांनी पुढची चार वर्षे कमावली. १९५२ मध्ये ते हेलसिंकीला गेले ते वरच्या, बँटमवेट गटात. त्या प्रवासासाठी त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले.

या कथेचा आणखी एक भाग सहसा ओझरता सांगितला जातो. जपानच्या इशीशी झालेल्या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे करण्यात आले. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांची बाजू मांडायला एकही भारतीय पदाधिकारी तेथे नव्हता. खाशाबांपाशी आता गुण होता, अनुभवही होता. उणीव होती ती त्यांच्या पाठीशी असलेल्या व्यवस्थेच्या अनुभवाची आणि आस्थेची. एका घराच्या किमतीवर त्यांना संधी मिळाली आणि एका माणसाच्या गैरहजेरीमुळे कदाचित वरचे पदक गेले.

म्हणून 'या मुलाला अनुभव नाही' हे वाक्य आम्हाला खटकते. त्यात दोष मुलाचा असल्याचा सूर असतो. वास्तविक अनुभव नसणे याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की, अद्याप कोणी त्याला तो दिलेला नाही. अनुभव नाही म्हणून संधी नाही आणि संधी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रात ज्यांच्या घरी कोणी आधी खेळलेले नाही ती मुले अडकतात. मुली तर अधिकच. दोन गोष्टींतला फरक येथे निर्णायक आहे. प्रतिभा कोणालाही देता येत नाही, अनुभव देता येतो. जे देता येते त्याच्या अभावी जे देता येत नाही ते नाकारणे न्यायाला धरून नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नवशिक्याच्या चुकांची किंमत कोणी मोजायची? अनुभवी खेळाडूने इतकी वर्षे वाट पाहिली, त्याचे काय? याचे उत्तर सरसकट देता येणार नाही. ज्या कामात चुकीची किंमत दुसऱ्याच्या जिवाने मोजावी लागते, मग ते शस्त्रक्रियेचे असो की घाटातून प्रवाशांनी भरलेली गाडी नेण्याचे, तेथे अनुभवाला अग्रस्थान दिलेच पाहिजे. चुकीची किंमत एका हरलेल्या कुस्तीएवढी असेल, तेथे ती सोसण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. संघनायक किंवा क्वार्टरबॅक यांची जागा या दोहोंच्या मधली; त्यांच्या चुकीचे ओझे सगळ्या संघावर पडते. तेथे नव्याला आणि जुन्याला एकमेकांशेजारी ठेवावे लागते आणि जुन्याला शिकविण्याचा मान द्यावा लागतो. वाट पाहिलेल्याची तीन वर्षे अशाने वाया जात नाहीत.

आपल्या तालमींतील चांगल्या वस्तादाला हे शास्त्र न सांगता ठाऊक असते. जोड लावताना तो पोराला त्याच्याहून थोड्या सरस मल्लापुढे उभा करतो. इतक्या सरस नव्हे की पोर खचावे, इतक्या उण्या नव्हे की ते फुगावे. हरल्यावर तो त्याला कोठे चुकले ते दाखवितो. हा माप ओळखून दिलेला अनुभव होय. पोराला मैदानात ढकलून बाजूला होणारा आणि त्याला कायम कट्ट्यावर बसवून ठेवणारा, दोघेही वस्ताद या पदवीला पात्र नाहीत.

खाशाबांनंतर कुस्तीतील दुसरे ऑलिंपिक पदक भारताला २००८ साली बीजिंगमध्ये सुशीलकुमार यांनी मिळवून दिले. मध्ये छप्पन्न वर्षे गेली. एवढ्या काळात या देशात, या सीमाभागात गुणी मल्ल जन्मले नसतील, हे आम्हाला संभवनीय वाटत नाही. हेलसिंकीला जे शिकून झाले होते ते पुढच्या पिढीच्या हाती नीट पोचले नाही, असेच म्हणावे लागते. १९८४ साली खाशाबा अपघातात गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या अनुभवातील किती भाग कोणी न विचारताच गेला, याचा हिशेब लागणार नाही. तेव्हा निवडीच्या टेबलाशी बसणाऱ्यांनी मुलाकडे अनुभव किती, हे जरूर विचारावे. पण तो त्याला मिळावा म्हणून आपण काय केले, या प्रश्नाचे उत्तर आधी स्वतःपाशी तयार ठेवावे.