‘ना’ ह्या एका अक्षराविषयी

निरनिराळ्या भाषांच्या शेजारात राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांना ‘ना’ हे अक्षर रोज निरनिराळ्या अर्थांनी ऐकू येते. बेळगावच्या बाजारात कन्नड बोलणारा गृहस्थ ‘ना बर्तीनि’ म्हणतो, तेव्हा तो यायचे नाकारीत नसतो, ‘मी येतो’ असे सांगत असतो. हैदराबादेत तेलुगू शेजारी ‘ना पेरु’ अशी सुरुवात करतो, ती ‘माझे नाव’ सांगण्यासाठी. गोव्यात ‘तो घरांत ना’ म्हटले की तो घरी नाही, आणि बडोद्यात गुजराती माणसाचे ‘ना’ म्हणजे सरळ नकार. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत तर ‘बाबा ना मामा’ म्हणजे ‘वडील आणि आई’! आपण ते ऐकले तर ना वडील भेटले ना मामा, असे समजून परत फिरू.

ह्यात गूढ काही नाही. ‘न’ आणि ‘आ’ हे ध्वनी जगातील बहुतेक भाषांत आहेत, तेव्हा त्यांच्या जोडीला जागोजागी वेगळे काम मिळाले तर नवल कसले? मराठी, गुजराती व कोकणीतला नकार हा संस्कृत ‘न’चा वंशज आहे; बाकीच्या ‘ना’शी त्याचे रक्ताचे नाते नाही. आवाज जुळला की सोयरीक जोडणारे पंडित पुष्कळ होऊन गेले. त्यांच्या मागे आपण जाऊ नये.

तरीही एक योगायोग असा आहे की त्यापाशी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. जुना करार ज्या इब्री भाषेत लिहिला गेला तिच्यातही ‘ना’ आहे, आणि त्याचा रूढ अर्थ आहे विनवणी. ‘दे ना’, ‘थांब ना’, ‘ऐक ना’ असे आपण मराठीत म्हणतो, अगदी तसेच इब्रीत ते आज्ञार्थी क्रियापदाच्या मागे येते. (ह्याच उच्चाराचा दुसरा एक इब्री शब्द निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आहे. तेथे त्याचा अर्थ ‘कच्चे’, म्हणजे वल्हांडणाचे न शिजलेले मांस. एका भाषेच्या आतदेखील हा घोळ आहेच.) कोकणातील बेने इस्राएल लोक घरी मराठी बोलत आणि प्रार्थना इब्रीत म्हणत. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून इब्री व्याकरण छापले. हे दोन ‘ना’ त्यांच्या कानांवर शेजारी शेजारी पडत असतील.

झावळ्यांच्या रविवारी आपली मुले ‘होसान्ना’ म्हणत मंदिरात येतात. ११८व्या स्तोत्रातील ‘होशिया ना’ हे त्याचे मूळ. अर्थ, ‘तार ना!’ मूळचा तो जयघोष नव्हे, संकटात सापडलेल्याची हाक होती. यरुशलेमेच्या वाटेवर लोकसमुदायाने ती उच्चारली तोवर तिचा बराचसा गजर झाला होता, आणि आज तर झावळ्या हलवणाऱ्या मुलांना त्यात कुणी काही मागत आहे हे जाणवतही नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी त्या दिवशी एवढे जरी सांगितले, की ह्या शब्दाच्या शेवटी आपलाच ‘ना’ बसला आहे, तरी मुले तो वेगळ्या स्वराने म्हणतील.

गणनाच्या बाराव्या अध्यायात मिर्यामेच्या अंगावर कोड उठते, तेव्हा मोशे तिच्यासाठी प्रार्थना करतो. इब्रीत ती अवघ्या पाच शब्दांची आहे, आणि त्या पाचांत दोन ‘ना’ आहेत: ‘एल ना रफा ना लाह’. देवा, बरी कर ना तिला, एवढेच. आणि उत्तर काय मिळाले? तिने सात दिवस छावणीबाहेर राहावे. ज्याने मागितले त्याला नकाराचाही एक भाग स्वीकारावा लागला.

आमचा खरा प्रश्न येथेच आहे. मराठीत नकार आणि विनवणी ह्या दोघांना एकच अक्षर लाभले हा भाषेचा अपघात असेल, पण तो अर्थपूर्ण अपघात आहे. ‘दे ना’ ह्या म्हणण्यात समोरच्याच्या ‘ना’ला जागा असेल तरच ती विनंती, नसेल तर तो गोड आवाजातला हुकूम होय. मागणारा दुबळा असला की ही जागा आपोआप असते. मोशे देवावर जबरदस्ती काय करणार? पण मागणारा बलवान असला म्हणजे काय?

आणि मराठीत तिसराही एक ‘ना’ आहे: ‘येणार ना?’, ‘चालेल ना?’ ह्याला प्रश्न म्हणतात खरे, पण त्यात ‘होय’ आधीच घालून ठेवलेले असते. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आठवावा. पाहुणे चहा घेत आहेत, काका-मामा बसले आहेत, आणि सर्वांदेखत वडील विचारतात, ‘पसंत आहे ना गं?’ ती मान खाली घालते, आणि तिला विचारले असे सर्वांचे समाधान होते. विचारले खरे, पण नकाराची जागा त्या एका अक्षराने बुजवून टाकली होती. विवाहविधीत पाळक वधूला प्रश्न करतात त्यात हा ‘ना’ नसतो. तो प्रश्न कोरा असतो, आणि कोराच असला पाहिजे. मात्र वेदीपुढे पोहोचेपर्यंत कोऱ्या प्रश्नाची वेळ निघून गेलेली असते, हे आपण जाणतो.

मंडळीच्या कामातही हेच चालते. पंच एखाद्या तरुण शिक्षिकेला म्हणतात, ‘बाई, ह्या वर्षीही लहान मुलांचा वर्ग तुम्हीच घ्या ना.’ घरच्या आजारपणामुळे तिने नाही म्हटले, तर पुढे काय होते? तिच्याविषयी कुजबुज सुरू झाली, तर ती विनंती नव्हती. मागणाऱ्याचा आवाज किती मऊ होता ह्याने काही ठरत नाही. नाही म्हणणाऱ्याचे पुढे काय झाले, ह्याने ठरते.

आता कठीण जागा. इसहाकाला घेऊन जा, असे देव अब्राहामाला सांगतो, तेथेही इब्रीत ‘ना’ आहे: ‘काह् ना’. ताल्मुदात (सनहेद्रिन ८९ ब) ह्यावर चर्चा आहे. हा शब्द विनवणीचाच, असे तेथील गुरू म्हणतात, आणि एका राजाने आपल्या शूर योद्ध्याला ह्याही लढाईत उभा राहा म्हणून गळ घातल्याचा दाखला देतात. उलट, अलीकडच्या व्याकरणकारांपैकी टॉमस लॅम्डिन यांनी १९७१ साली असे मांडले की, हा ‘ना’ विनवणीचा नसून ‘तर मग’ अशा अर्थाचा, मागच्या बोलण्याशी आज्ञा जोडणारा आहे. मोशेच्या प्रार्थनेपुरते तरी आम्हांला हे पटत नाही. तेथे विनवणीच ऐकू येते. पण मोरियाच्या प्रसंगी कोणता ‘ना’ आहे, ह्याचा निकाल आम्ही देऊ धजत नाही. तो जर विनंतीचा असेल तर अब्राहामाला नाही म्हणता आले असते, आणि मग त्याचे पहाटे उठून निघणे आज्ञाधारकपणाहून काही निराळेच ठरते. शिक्षकांनी मोठ्या मुलांच्या वर्गात हा प्रश्न खुशाल मांडावा व उत्तराची घाई करू नये.

त्याच अब्राहामाच्या तोंडी मात्र एक ‘ना’ असा आहे की ज्याबद्दल आम्हांला शंका नाही. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात त्याचे गुराखी आणि लोटाचे गुराखी भांडू लागतात. अब्राम वडीलधारा, वाटणी त्याने करायची आणि पुतण्याने मानायची, हीच रीत. तो म्हणतो, आपल्यात तंटा नको ना. माझ्यापासून वेगळा हो ना. दोन वाक्यांत दोन ‘ना’. आणि लगेच पुढे, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन, तू उजवीकडे गेलास तर मी डावीकडे. लोटाने डोळे वर करून पाहिले आणि यार्देनेचे सारे पाणथळ खोरे आपल्यासाठी निवडले. अब्राम काही बोलला नाही. त्याने आपला तंबू हलवला आणि हेब्रोनाजवळ मम्रेच्या झाडांपाशी जाऊन राहिला.